मी अजून आलोच नाय

मी मूळची शहापूरची, लग्न होऊन मुरबाड तालुक्यात आले. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारी बाई मी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी वाटतंय... पण घडलं ते असं.

गेल्या वर्षी भातकापणीच्या सुमारास माझ्या नवऱ्याचं बायपासचं ऑपरेशन झालं. हे आधीपासूनच फार घाबरलेले. आत नेताना माझं मनगट सोडेनात. ऑपरेशन चांगलं झालं, घरी आणलं, जखमही भरत आली – पण माणूस मिटून गेला. जेवण नको, टीव्ही नको, भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. एकदा ताट पुढे केलं तर म्हणाले, "कोणाला वाढतेस? मी अजून आलोच नाय. तिकडंच हाय."

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "हृदयाच्या ऑपरेशननंतर पुष्कळांना असं नैराश्य येतं. एकटं सोडू नका, उद्याच घेऊन या."

त्याच दुपारी हे ओटीवर खुर्चीत बसले होते, मी समोर वाल सोलत होते. फोन वाजला. माझी मोठी जाऊ, सुमनताई – जवळच धसईच्या बाजारात भेंडी विकायला गेली होती.

"सविता, भावजींना एकलं कसं सोडलंस गो?"

"म्हणजे?"

"आता माझ्यासमोर होते ना! मी इचारलं, बरं वाटतं का? तर हसले. बोलले, घरीच चाललोय. एसटीत बसले पण."

माझे हात थांबले. "ताई, हे इथं आहेत. माझ्यासमोर."

ती अगदी हळू म्हणाली – "शर्टाची वरची बटणं उघडी होती गो... छातीवर टाक्यांची खूणच नव्हती."

फोन स्पीकरवर नव्हता. तरी ह्यांनी मान वळवली.

"कुठल्या गाडीनं निघाला?"

हे उठले आणि सरळ रस्त्याकडे चालू लागले. कित्येक दिवसांत ओटीची पायरी न उतरलेला माणूस! मी धावले. मनात एकच – हे गाडीखाली तर नाही ना जाणार? धसईकडून येणारी एसटी वळणावर दिसली तसा मी मागून ह्यांचा शर्ट दोन्ही मुठींत गच्च धरला.

गाडी थांबली. दार उघडलं. कोणीच उतरलं नाही. कंडक्टरने आमच्याकडे बघितलं, बेल मारली. हे मात्र एक पाऊल बाजूला सरकले... कोणाला वाट द्यावी तसे.

गाडी गेली. ह्यांनी मोठा श्वास घेतला, छातीवर हात ठेवला आणि ढसाढसा रडायला लागले.

"भूक लागली गो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलोच. गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन झालं. हळूहळू हे सावरले, आता शेतावरही जातात. तो गुण औषधांचा, यात मला शंका नाही. सुमनताईची बघण्यात चूक झाली असेल, असं डॉक्टर म्हणतात. असेलही. पण सख्ख्या दिराला ओळखायला ती चुकेल? आणि फोनवरचं ह्यांना कसं कळलं?

परवा धीर करून विचारलं, "त्या दिवशी एसटीतून कोणी उतरलं होतं का हो?"

"उतरला ना," हे सहज म्हणाले. "तुझ्याकडं बघून हसला पण. तूच बघितलं नायस."

मी तर पूर्ण वेळ त्या दाराकडेच बघत होते.