भिवापूरच्या कॅम्पात दुभाषी

दुभाष्याचं काम आठ दिवस केलं की किस्से आपोआप साचतात. डॉक्टरांना आजार आठवतात, नर्सना औषधं आठवतात. दुभाष्याला फक्त वाक्यं आठवतात. कोण काय म्हणालं, कसं म्हणालं, आणि म्हणता म्हणता कुठे थांबलं. मैत्रिणी विचारतात, "कसा झाला गं कॅम्प?" मी "छान" म्हणते, आणि मग दीड तास कुणाला उठू देत नाही!

आधी थोडं माझ्याबद्दल. मी रूथ. जन्म नागपूरचा, पण अकराव्या वर्षी डोंगरावरच्या बोर्डिंग शाळेत गेले आणि तिथून थेट परदेशात कॉलेजला. तिथल्या आमच्या चर्चने डॉक्टरांची एक टीम सेवेसाठी भारतात पाठवायचं ठरवलं आणि जागा निवडली ती नागपूर जिल्ह्यातली! मी कित्येक महिने प्रार्थनेत हेच मागत होते, की सेवा करता यावी, आणि जमलं तर आपल्या माणसांची. दुभाषी कोण होणार म्हणून विचारल्यावर सगळ्यात आधी माझा हात वर गेला. बाकीच्यांसाठी ती परदेशातली मिशन ट्रिप होती. मी घरी येत होते.

मुक्काम नागपुरात, सदरमधल्या एका गेस्ट हाउसवर. रोज सकाळी आईच्या ओळखीच्या पास्टर सुहासकाकांच्या गाडीतून उमरेडमार्गे भिवापूर. कॅम्प एका मंगल कार्यालयात होता. स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन मोठ्या लाल खुर्च्या होत्या; त्यातल्या एकीवर पेशंट, दुसरीवर डॉ. मार्गारेट, आणि मध्ये स्टुलावर मी. मार्गारेटबाई साठी उलटलेल्या, मोजकं बोलणाऱ्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मला नियम सांगितला होता : "पेशंट 'मी' म्हणाला, तर तूही 'मी' म्हणायचं. 'ती म्हणते' नाही, 'तो म्हणतो' नाही. काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही."

ऐकायला सोपं वाटलं!

*

पहिल्या दिवशी पहिल्याच पेशंट एक आजी. "मले सात लेकरं झाली, त्यातली पाच हायेत," त्या म्हणाल्या.

मी नियमाप्रमाणे इंग्रजीत खणखणीत सांगितलं, "मला सात मुलं झाली, त्यातली पाच आहेत."

मागे गोळ्यांची खोकी लावणारा आमच्याच टीममधला नवा मुलगा ताडकन वळून माझ्याकडे बघायला लागला.

त्यानंतर आले एक मिशीवाले काका. लघवीची तक्रार. मी मान खाली घालून तीही सगळी "मी, मी" करत सांगितली. एकही शब्द गाळला नाही. शेजारी फाइल लिहीत असलेले सुहासकाका हळूच म्हणाले, "रूथ बेटा, तुझ्या आईला आत्ताच फोन करू, का संध्याकाळी?"

*

दुखणं किती आहे ते दहापैकी आकड्यात विचारायचं, ही डॉक्टरांची पद्धत. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मी तो प्रश्न नीट समजावून विचारला.

गुडघे धरून बसलेला शेतकरी म्हणाला, "बाई, रुपयात बारा आने दुखते."

दुसरा म्हणाला, "गोळीनं चार आने फरक पडला." तिसराही आण्यांतच! आता गाळायचं नाही म्हटल्यावर मी तेही तसंच सांगितलं, आणि एक रुपया म्हणजे सोळा आणे हेही सांगावं लागलं. मार्गारेटबाईंनी वहीत 'दहापैकी' खोडलं आणि 'सोळापैकी' लिहिलं.

तीन दिवसांनी मोठ्या उत्साहात त्यांनी स्वतःच एका तरुण पेशंटला मराठीत विचारलं, "किती आने?"

तो पोरगा माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडमले सांगा, आता आने कुठं चालते? दहापैकी विचारा ना!"

*

एक नवरा-बायको आले. कागद बायकोच्या नावाचा. मार्गारेटबाई बायकोला विचारायच्या, उत्तर नवरा द्यायचा. "तिचं डोकं दुखते." "तिले झोप नाही लागत." "ती जेवतच नाही बराबर." बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प.

मी म्हटलं, "दादा, त्यांना बोलू द्या ना."

"तिले काय समजते, मॅडम? मीच सांगून राहिलो ना!"

मी ते प्रामाणिकपणे इंग्रजीत सांगितलं. मार्गारेटबाईंनी मान हलवली, बीपीचा पट्टा उचलला आणि शांतपणे त्या नवऱ्याच्याच दंडाला गुंडाळला. काटा इतका वर गेला की त्यांनी पुन्हा मोजला. मग त्याला अर्धा तास आडवं झोपवलं, गोळी दिली, मिठाबद्दल ताकीद दिली. तो बिचारा एकदम मऊ होऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. "ह्यायचं झालं ना? आता माह्यं पाहा."

*

एक म्हातारे गृहस्थ काठीवर हात ठेवून बसले आणि नाडी दाखवण्याआधीच म्हणाले, "पोरी, आधी एक विचार त्याईले. एवढ्या दूरून आले, औषध फुकट देऊन राहिले. ह्यात गोम काय हाये? आमचा धरम पाहिजे का तुमाले?"

माझे कान तापले. माझ्या मनात या प्रश्नाचं मोठं उत्तर तयार होतं. सेवेवर, प्रेमावर, क्रूसावर. पण प्रश्न मला नव्हता. मी तो जसाच्या तसा पुढे दिला.

मार्गारेटबाईंनी विचार केला. म्हणाल्या, "त्यांना सांग, मी माझ्या येशूसाठी आले आहे, ते लपवत नाही. पण त्यांच्याकडून मला एकच गोष्ट पाहिजे. ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही."

म्हातारबाबांनी ते ऐकलं, काठी बाजूला ठेवली आणि शर्टाचं बटण उघडत म्हणाले, "हे पटलं. पाहा मंग छाती."

*

मंगळवारी कमलाबाई आल्या. पन्नाशीच्या, ताठ, कपाळ मोकळं. त्या मिरचीच्या सातऱ्यावर कामाला जात. सातरा म्हणजे मिरची वाळत घालून तिचे देठ खुडायची मोकळी जागा. थंडीच्या दिवसांत भिवापूरच्या कितीतरी बाया तिथेच असतात. कमलाबाईंना खोकला होता. सोबत त्यांची जाऊ होती, शेवंताबाई.

आमच्या टीममध्ये तपासण्याआधी विचारत असत : "तुमच्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का?"

कमलाबाई म्हणाल्या, "आमी बुद्धाचे. पण करा, चांगलंच मागान ना? फक्त मी डोये नाही मिटणार."

मार्गारेटबाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली. कमलाबाई उघड्या डोळ्यांनी त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. "आमेन" झाल्यावर म्हणाल्या, "झालं तुमचं? आता माह्यं." आणि हात जोडून त्यांनी पालीतलं त्रिशरण म्हटलं, स्पष्ट, सावकाश. मला त्यातलं काही भाषांतर करता आलं नाही. मार्गारेटबाईंनी तेवढ्या वेळात डोळे उघडलेच नाहीत.

मग पडद्यामागे छाती तपासताना त्यांचा हात थांबला. डाव्या बाजूला गाठ. त्यांनी पुन्हा पाहिलं, काखेत पाहिलं. मग समोर बसून, कमलाबाईंच्या डोळ्यांत बघत त्या म्हणाल्या, "ही गाठ कडक आहे, हलत नाही. हा कॅन्सर असू शकतो. गुरुवारी रक्त तपासायला या. शनिवारी आमची गाडी नागपूरच्या दवाखान्यात जाणार आहे, त्या गाडीत तुम्ही असायलाच हव्यात. वाट बघत बसलात तर उशीर होईल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेवंताबाईंनी माझं कोपर घट्ट दाबलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण 'कॅन्सर' सगळ्यांनाच समजतं! मात्र कमलाबाई तेव्हा खोकत होत्या, त्यांच्या कानावर तो शब्द गेला नसावा. शेवंताबाई माझ्या कानात म्हणाल्या, "तिले नोको सांगू, पोरी. भेवानंच मरंन ते."

कमलाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हणाले, "लहानशी गाठ आहे. गुरुवारी रक्त तपासू. जमलं तर शनिवारी नागपूरला या. देवाच्या कृपेने सगळं ठीक होईल."

"मंग तर झालंच!" कमलाबाई हसल्या. खोकल्याची बाटली घेतली आणि गेल्या.

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की मी काहीतरी चांगलं केलं. दुपारी डबा खाताना मी त्यांच्यासाठी मनापासून प्रार्थनाही केली.

*

गुरुवारी कमलाबाई आल्या नाहीत. शेवंताबाई आल्या, स्वतःचे गुडघे घेऊन.

"कमलाबाई कुठे आहेत?"

"सातऱ्यावर. मी म्हटलं, रगत तर दे. तर म्हणते, डॉक्टरीनच म्हणे देव ठीक करंन म्हणून, मंग कायले रोजी पाडू? मी म्हटलं, तू कधीपासून देव मानाले लागली? तर म्हणते, देवावर नाही वं, डॉक्टरणीवर भरोसा हाये मले."

हे शेवंताबाईंनी सहज सांगितलं आणि गुडघा पुढे केला.

संध्याकाळी गाडीत मी मार्गारेटबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तू नेमकं काय म्हणालीस? शब्द सांग." मी माझी तीन-चार वाक्यं इंग्रजीत म्हणून दाखवली. जी वाक्यं त्यांची म्हणून कमलाबाईंकडे गेली होती, ती त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

उमरेड मागे पडलं. मग मार्गारेटबाई म्हणाल्या, "त्या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला. आणि मी तर यातलं काहीच बोलले नव्हते."

सुहासकाकांनी आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं. "उद्या सकाळी सातऱ्यावर जाऊ," ते म्हणाले, "मी रस्त्यावर थांबीन. आत तू जाशील."

*

शुक्रवारी सकाळी मी सातऱ्यावर गेले. सगळी जमीन लाल. आत पाऊल टाकताच मला असा ठसका लागला की बोलताच येईना. ओळीने बसलेल्या बाया हसायला लागल्या. "दवाखान्यातली पोरगी हाये वं! तोंडाले ओढनी बांध!"

कमलाबाई ओळीच्या मधोमध होत्या. हात चालूच. देठ एकीकडे, मिरची एकीकडे.

"जरा बाजूला येता का? बोलायचं होतं."

"बाजूले कायले? इथंच सांग. ह्या साऱ्या माह्याच हायेत."

मी त्यांच्यासमोर खाली बसले. "मंगळवारी डॉक्टरांनी जे सांगितलं, ते मी तुम्हाला सांगितलं नाही."

हात थांबला. "मंग कोनाचं सांगतलं?"

"माझं."

शेवंताबाई दोन बाया सोडून बसल्या होत्या. त्या उठल्याच. "तिची चूक नाही, बाई. मीच म्हटलं होतं तिले—"

"चूप बस वं," कमलाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. मग मला : "आता त्याईचं सांग."

मी सांगितलं. गाठ कडक आहे, हलत नाही. कॅन्सर असू शकतो. नागपूरला जायलाच हवं. वाट बघत बसलं तर उशीर होईल. एकेका वाक्यानंतर ओळीतला एकेक हात थांबत गेला. शेवटी सातऱ्यावर कुणाचेच हात चालत नव्हते.

"कापा लागंन?"

"कदाचित."

"जीव वाचंन?"

माझ्या ओठांवर तेच वाक्य आलं होतं, देवाच्या कृपेचं. माझा त्यावर विश्वास आहे, तेव्हाही होता, आजही आहे. मी ते गिळलं. "ते डॉक्टरांना माहीत नाही. मलाही माहीत नाही."

कमलाबाईंनी हातातली मिरची लाल ढिगावर टाकली. मग त्यांनी विचारलं, "शनिवार म्हणजे उद्याच ना?"

"हो."

"किती वाजता निघते गाडी?"

"आठला."

"शेवंते, तू बी चाल." मग माझ्याकडे वळल्या. "सातलेच येतो आमी, दोघी."

मी मान हलवली. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं. कमलाबाईंनी माझ्याकडे हात उचलले, आणि तसेच अर्ध्यात थांबवले.

"रडू नोको वं, पोरी. ह्या हातानं तुहे डोये नाही पुसता येत मले."