कोमिनोच्या पाण्यात कोण उभं होतं

असल्या गोष्टी मानणाऱ्यांतला मी नाही. राजूरला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, त्याला मी कधी लिंबू-मिरचीसुद्धा बांधली नाही. पण गेल्या वर्षी जे घडलं ते सांगायचं, तर आधी स्वतःची चूक सांगावी लागते.

दुकान उभं केलं ते माझ्या थोरल्या भावाने, दादांनी. बियाण्याच्या कंपनीने चांगल्या विक्रीबद्दल युरोपातल्या माल्टा बेटाची सहल दिली – दादा आणि सोबतीला मी. साठी आली तरी दादांनी समुद्र पाहिलेला नव्हता. मध्ये त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, पण काठी घेऊन चालत होते. डॉक्टरही जा म्हणाले. मलाच त्यांच्या संथ चालीने आठ दिवस फिरायचं नव्हतं. मी कंपनीला कळवलं, दादांना झेपणार नाही. आणि दादांना सांगितलं, सहल रद्द झाली, मी ट्रेनिंगला हैदराबादला चाललोय.

दादांनी नवे बूट घेतले होते. “बरं,” एवढंच म्हणाले.

माल्टात तिसऱ्या दिवशी बोटीने कोमिनोला नेलं. छोटंसं बेट, खडक आणि निळं पाणी. बोटीत चढताच मी कडेची जागा धरली आणि शेजारी रुमाल टाकला. लहानपणी एसटीत दादांसाठी टाकायचो तसा... हाताने आपोआपच.

“अंकुशभाऊ, ये भोकरदन की एसटी है क्या?” सहलीला आलेले भोकरदनचे डीलर रफिकभाई मोठ्याने म्हणाले. “कोन आ रा बैठने को?”

सगळे हसले. मीही हसलो आणि रुमाल खिशात घातला. ती जागा मात्र शेवटपर्यंत रिकामीच राहिली.

कोमिनोला सगळे पाण्यात उतरले. मला पाण्याची भीती वाटते, मी बोटीतच थांबलो. निघताना गाईड बाईने माणसं मोजली आणि किनाऱ्याकडे बोट करून मला इंग्रजीत काही विचारलं. मला धड कळलं नाही. रफिकभाईंनी सांगितलं – “बोलती, तुम्हारे बडे भाई को बुलाओ. घुटने तक पानी में खडे हैं.”

“माझे भाऊ? मी तर एकटाच आलोय.”

“मैं भी वही बोला. बोलती, लाठीवाले, सुबह से तुम्हारे बाजू में बैठे थे.”

मी वळून पाहिलं. उथळ पाणी होतं, कुणीच नव्हतं. बाईनेही पाहिलं... पुन्हा मोजलं. माणसं बरोबर भरली. बोट निघाली. रफिकभाईंनी त्यानंतर एकदाही चेष्टा केली नाही.

संध्याकाळी दादांच्या घरी फोन केला, दादा कुठे आहेत विचारलं. वहिनी म्हणाल्या, “ते बसलेत की पेपर वाचत. तुमचं ट्रेनिंग कसं चालू हाय?”

“चांगलं चालू आहे,” मी म्हणालो.

परत आल्यावर थेट हसनाबादला दादांकडे गेलो. खरं सांगून टाकायचं ठरवलं होतं.

“दादा, मी हैदराबादला गेलो नव्हतो...”

“ठावं हाय मला,” दादा म्हणाले. “पाणी लई गार व्हतं रे. अन् इतकं साफ, का पायाची नखं दिसत व्हती.”

मी खाली त्यांच्या पायांशी बसलो.

“तू मातर बोटीतच बसून राह्यला. उतरायचं व्हतं. मी धरला असता की तुझा हात.”

कुणी सांगितलं म्हणावं, तर सहलीतल्या कुणाचाही दादांशी संपर्क नाही. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यावर फोटो येत नाहीत आणि वहिनींनाही माझं खोटं माहीत नव्हतं. गाईड बाईची नजरचूक झाली असेल, पण मग नखांचं काय?

माफी मागायला म्हणून मी अधूनमधून त्यांच्याजवळ जाऊन बसतो. ते मागू देत नाहीत. मी तोंड उघडलं की समुद्राचंच सांगायला लागतात – खडक कसा होता, पायाखालची वाळू कशी सरकत होती. आणि मी, तिथे जाऊन आलेला माणूस, ऐकत बसतो.