गर्भितार्थ सरांचा तास

मुलांनी त्यांचं नाव 'गर्भितार्थ सर' पाडलं होतं, आणि ते अगदी चपखल होतं. कथेत नुसती खिडकी आली, तरी हा गृहस्थ तिच्यातून काहीतरी गूढ बाहेर काढणारच. एरवी मात्र सर भित्रे. शिपायाला भ्यायचे, फोनला भ्यायचे. मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकेची, चाहूल लागली की ते दिसेल त्या वर्गात शिरायचे. आणि सगळ्यांत जास्त भ्यायचे ते ग्रंथपाल बाईंना, कारण त्या त्यांना मनापासून आवडत. रोज एक पुस्तक न्यायचं, न उघडताच दुसऱ्या दिवशी परत करायचं, एवढीच त्यांच्या प्रेमाची मजल.

त्या दिवशी सकाळी पुस्तकावर शिक्का मारता मारता बाई म्हणाल्या, "मला दुसऱ्या शाळेत बदली देतायत. आजच हो किंवा नाही कळवायचंय. तुम्हाला काय वाटतं?"

"विचार करण्यासारखं आहे," असं पुटपुटून सरांनी काढता पाय घेतला. पुस्तक टेबलावरच राहिलं.

शेवटच्या तासाला धड्यात विनोदी प्रेमकथा होती. ज्याला वेळ मोकळा, त्याने दुसऱ्याच्या वर्गात बसून ऐकायचं, अशी त्या शाळेची पद्धत. ग्रंथपाल बाई आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. सरांच्या हातून खडू निसटला.

कथा साधीच. एका शिंप्याला गिऱ्हाईक मुलगी आवडते. ती पुन्हा यावी म्हणून तो तिचा कोट मुद्दाम बिघडवतो. कधी बाही तोकडी, कधी खिसा पाठीवर. वर्ग हसून हसून लोळला.

"यात उपरोध कुठे आहे?" सरांनी फळ्याकडे बघतच विचारलं.

पुढच्या बाकावरची मुलगी उठली. "ती यावी म्हणून तो वाईट शिवतो, आणि वाईट शिवतो म्हणून ती दुसरा शिंपी गाठते."

"शाब्बास. आणि कोट कशाचं प्रतीक?"

"अर्धवट राहिलेल्या बोलण्याचं. पण सर, तो सरळ विचारत का नाही? मठ्ठ आहे का?"

"मठ्ठ नाही गं!" सर एकदम म्हणाले. "घाबरलाय तो. विचारलं आणि ती नाही म्हणाली, तर रोजचं दिसणंही जाईल. लोक हिला प्रेमकथा म्हणतात. ही भीतीची कथा आहे."

घंटा वाजली तशा बाई उठून निघाल्या. सर खडूने माखलेल्या हातांनी व्हरांड्यात धावले.

"बाई, जाऊ नका."

बाई थांबल्या. "सर, मी मधल्या सुट्टीतच हो कळवलं."

सरांनी भिंत धरली. "मग वर्गात कशाला आलात?"

"तुमचा तास एकदाही ऐकला नव्हता. जायच्या आधी ऐकावा म्हटलं."

"ते... मागे घेता येईल?"

"मोठ्या बाईंना विचारावं लागेल. मी एकटी नाही जाणार हं."

मोठ्या बाईंच्या दारावर सरांनीच टकटक केली. कशीबशी त्यांनी विनंती केली. मोठ्या बाईंनी चष्मा काढून दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"बदली यांची. रद्द करा म्हणणारे तुम्ही यांचे कोण, सर?"

शेजारी उभ्या असलेल्या ग्रंथपाल बाईही उत्तर ऐकायला सरांकडे वळल्या.

"अजून कोणी नाही," सर म्हणाले.