आणू, आणू

बसण्याआधी काकाजी फुंकर मारायचे. ओटा असो नाहीतर लग्नातला मखमली सोफा, आधी फू, मग बूड. तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल, पण आमच्या काकाजींना कारण होतं. नागपूरच्या या टोकाला कोळशाचं वीजघर आहे आणि त्याची राख रोज आमच्या वस्तीवर उतरते.

गल्लीच्या तोंडाशी त्यांची पिठाची चक्की होती. "पीठ आन् राख दोन्ही उडतेच भाऊ," ते म्हणायचे. "पण पिठाची पोळी होते."

काकूंना दमा. दम लागला की वाफेची मशीन लावायची, आणि ती चालणार विजेवर. "राखेनं दम लागते, विजेनं उतरते. भांडू कोणाशी?" काकाजी विचारायचे.

एकदा शाळेच्या मैदानात सभा झाली. पाहुणे म्हणाले, हवामान बिघडलंय, कोळसा सोडायचा तर अणुऊर्जा हवी. काकाजींनी ऐकलं 'आणू ऊर्जा'. ते उठून म्हणाले, "आणा ना मंग, कधी आणता?"

सभा पोट धरून हसली. पाहुण्यांनी समजावलं, अणू म्हणजे बारीक कण, त्याची राख पडत नाही. मागून कोणी ओरडलं, किरणं निघतात, आमच्याकडे नको. दुसरा म्हणाला, उन्हाची वीज घ्या. तिसऱ्यानं विचारलं, मग रात्री काय कराल? तिघंही खरं बोलत असतील, मला काय कळतंय कपाळ!

काकाजी उभेच होते. "काहीबी आणा, पण राख थांबवा. आमची बुढी दमून राहिली."

"नोंद घेतली," पाहुणे म्हणाले.

तेव्हापासून वस्ती त्यांना चिडवायची, "काकाजी, आणली का?" तेही हसून म्हणायचे, "आणू, आणू."

मग उन्हाळ्यातल्या एका भर दुपारी लाईन गेली. समोर धुराडी धूर सोडत होती आणि आमच्याकडे पंखा फिरत नव्हता. मी धावत गेलो, तर काकू बंद मशीनकडे बोट दाखवत होत्या. काकाजी त्यांच्या तोंडावर फुंकर घालत होते आणि म्हणत होते, "आणू, आणू." ऑटोनं दवाखान्यात नेलं. काकू परत आल्या नाहीत. मला त्या धुराड्यांचा फार राग आला, पण घरी येऊन मी पंखाच लावला.

तेरवी झाली. काकाजी लेकीकडे राहायला निघाले, त्याआधी माझ्या ओट्यावर आले. ओट्यावर राख होती. फुंकर न मारता ते तसेच बसले.

"थांबा, फडकं आणतो," मी म्हणालो.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "आता काही आणू नोका."