उभ्या गाडीचा वेग

उभ्या गाड्या पळवणं हा माझा धंदा आहे. हसू नका, खरंच सांगतेय. जुन्या गाड्या विकणारे डीलर मला फोटो पाठवतात. मोशीच्या धुळीत उभी असलेली गाडी, मागे पत्र्याची शेड, एखादं आळसावलेलं कुत्रं. मी चिखलीतल्या आमच्या घरात कॉम्प्युटरपुढे बसते, गाडी कापून मोकळ्या रस्त्यावर ठेवते आणि मग रस्ता, झाडं, दुभाजक, सगळं धूसर करून आडवं फासते. चाकं वेगळी फिरवावी लागतात. गाडी तेवढी स्पष्ट ठेवायची, की झाली सुसाट. उभी गाडी दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं, हिच्यात काहीतरी बिघाड असणार.

एकच अडचण असते. उभ्या गाडीत कुणी बसलेलं नसतं, आणि पळणारी गाडी कुणीतरी चालवायला लागते. "ताई, काच काळी करा हो, कोण बघतंय आत!" डीलर म्हणतो. मी काच काळी करते. आजवर कुणी विचारलं नव्हतं.

आमची स्वतःची गाडी खाली पार्किंगमध्ये उभी होती. दादाची. तो चाकणला गाड्यांच्याच कंपनीत लाइनवर होता. दुसऱ्यांच्या गाड्यांना दारं बसवून बसवून शेवटी स्वतःसाठी एक सेकंडहँड घेतली. "मुलगी बघायला रिक्षातून गेलं ना, की पोहेसुद्धा गार देतात," म्हणायचा. मेला, सगळ्याची थट्टा करायचा. कामावर कंपनीच्या बसनेच जायचा. गाडी फक्त रविवारी निघायची. ती गेटकडे वळली की आई गॅलरीतून ओरडायची, "हळू चालव रे!" आणि दादा वर न बघता खिडकीतून हात बाहेर काढून हलवायचा. दर रविवारी तेच. मला बिल्डिंगसमोर लाज वाटायची.

दादा गेला, पण गाडीत नाही. अपघात नाही, भांडण नाही, काही नाही. नाइट शिफ्ट करून बसने घरी येत होता. सकाळची ती बस म्हणजे सगळी झोपलेली माणसं, माना खिडकीला टेकलेल्या. आमचा स्टॉप आला तरी तो उठला नाही, तर शेजारच्या सीटवरचा म्हणाला, "झोपू दे, दमलाय. पुढं उठवू." हार्ट, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो शेजारचा आमच्या दारात उभा राहून लहान पोरासारखा रडला. त्याच्यावर राग काढावा म्हटलं, तर तेही जमलं नाही. इतका राग आहे माझ्यात आणि ठेवायला जागा नाही.

त्यानंतर आई रोज सकाळी ओल्या फडक्याने गाडी पुसायची. दुपारी खाली जाऊन पुढच्या सीटवर, दादाच्या शेजारच्या, बसून राहायची. काचा बंद. एकदा वॉचमन वर आला. "मावशींना समजवा ताई, उन्हाचा जीव गुदमरंल त्यांचा." त्या दिवशी माझं डोकं फिरलं. "आई, ती गाडी आहे! तो नाहीये तिच्यात!" मी असं बोलले. आईने ताट सरकवलं आणि उठून गेली.

काही दिवसांनी तीच म्हणाली, "गाडी वीक बाई. पण एकदा मला ती पळताना दाव. एक तर मी वरून बघितली, नाहीतर आत बसून. समोरून कधी बघितलीच नाही."

आम्हा दोघींना चालवता येत नाही. बॅटरी उतरलेली, टायर बसलेले. मग मी मला येतं तेच केलं. खाली जाऊन समोरून फोटो काढला. मागे कुठला हायवे टाकला नाही. आमचंच पार्किंग ठेवलं, खांब, सायकली, गेट, आणि तेच फासलं. चाकं फिरवली. सवयीने काच काळी केली. आईला बोलावलं.

आई स्क्रीनला नाक लावून बघत बसली. बीडकडचं बोलणं तिचं अजून गेलेलं नाही. "चालवायलंय कोण गं?"

"काच काळी आहे, आई. दिसत नाही."

"आसं कसं? चालवणारा नको का?"

तिने आपला मोबाइल पुढे केला. गाडी घरी आणली त्या दिवशी तिनेच काढलेला फोटो. बॉनेटवर हार, दादा स्टिअरिंगवर, तोंड वाकडं, कारण तो म्हणत होता, "काढ लवकर, ऊन लागतंय." दादा गेल्यापासून वर्षभर तो फोटो मी बघितला नव्हता. मी त्याला कापून घेतलं. केसांच्या कडेने हात फिरवताना मला पुढचं दिसेना, डोळे पुसून पुसून काम केलं. काच स्वच्छ केली. दादाला आत बसवलं.

गाडी पळत होती आणि दादा चालवत होता. तो स्पष्ट. आमचं घर, गेट, सगळं मागे पुसलेलं.

आईचा चेहरा उतरला. "कुठं निघालाय इतक्या घाईनं? कमी कर."

मी वेगाची पट्टी मागे ओढली.

"आणखी कमी."

खांब जरा दिसायला लागले.

"आणखी."

सायकली दिसल्या, गेट दिसलं. चाकांच्या आऱ्या मोकळ्या झाल्या. पट्टी संपली. आता दादा नुसता आमच्या पार्किंगमध्ये बसला होता, उन्हाला वैतागून.

"हां," आई म्हणाली. "हा इथं राहू दे. गाडी जाऊ दे."

ताथवड्याच्या एका मुलाने ती घेतली. मेकॅनिक घेऊन आला, नवी बॅटरी टाकली, टायरात हवा भरली. आमच्या गाडीबाई पहिल्याच फटक्यात सुरू झाल्या! आम्ही दोघी गॅलरीत उभ्या होतो. ती गेटकडे वळली आणि आईने कठड्यावरून वाकून हाक दिली, "हळू चालव रे!"

मी गाडीच्या खिडकीकडे बघत राहिले. काच वर होती. त्या बिचाऱ्याला ऐकू गेलं नसणार.