शेवटच्या पानावरचे अभिप्राय

पुस्तकावर लिहिणाऱ्या माणसाचा मला भारी राग. लक्ष्मीपुरीतलं माझं वाचनालय एका खोलीचं, पण नियम मोठ्या वाचनालयाचे. पान दुमडायचं नाही, पुस्तकावर कप ठेवायचा नाही आणि पेन्सिल तर लावायचीच नाही. त्यामुळं एक्क्याण्णव साली एका रहस्यकथेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर बारीक अक्षरात अभिप्राय दिसला, तेव्हा मी खोडरबर घेऊनच बसले. लिहिलं होतं : "खुनी चाळिसाव्या पानावर कळतो. पुढची दोनशे पानं एकट्या इन्स्पेक्टरला कळत नाही." मी ते पुस्तक वाचलेलं होतं. खोडरबर खाली ठेवला.

आमच्याकडं प्रत्येक पुस्तकाच्या मागं एक कागद चिकटवलेला असायचा. पुस्तक कुणी नेलं, त्याचा सभासद क्रमांक आणि तारीख त्यावर टाकायची. चोर शोधायला वेळ लागला नाही. क्रमांक सत्तावन्न, दादासो, स्टोव्ह दुरुस्तीवाले.

दादासोंचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. पितळी स्टोव्हच्या टाक्या, पंप, बर्नर यांच्या ढिगात हा किडकिडीत माणूस बसलेला असायचा. मूळचे कागलकडचे. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, घरातले देव गेले आणि रिकाम्या कोनाड्यात पुस्तकं आली, असं ते सांगायचे. शाळा सातवीपर्यंत झाली, वाचन मात्र थांबलं नाही. मी तावातावानं जाब विचारला, तर शांतपणे म्हणाले, "खोडा की. पर खोटं काय लिवलंय तेवढं सांगा."

काय सांगणार, कप्पाळ! खोटं काहीच नव्हतं.

हळूहळू सभासदांना त्याची चटक लागली. माणसं पुस्तक हातात घ्यायची आणि आधी शेवटचं पान उघडायची. एका भुताच्या कादंबरीवर दादासोंनी लिहिलं होतं, "भुताची साडी पन्नास वर्षं पांढरीशुभ्र. धुणं कोण करतं ते लेखकानं सांगितलेलं नाही." खेड्यावरच्या एका गाजलेल्या पुस्तकावर, "लेखक गावाला जाऊन आलेला दिसतो. जत्रेला." नव्या धर्तीच्या कादंबऱ्यांचं त्यांना वावडं नव्हतं, पण नायक खिडकीत बसून विचार करायला लागला की यांचं डोकं सटकायचं. "याला काय झालंय ते यालाही माहीत नाही, लेखकालाही नाही. एकदा पोटभर जेवू घाला." आणि कधीतरी वर्षातून एखादं पुस्तक असं यायचं, की त्यावर एवढंच असायचं, "हे खरं आहे. दुसऱ्यांदा दुकान बंद ठेवून वाचलं." ते पुस्तक मग दोन-दोन महिने कपाटात परत यायचं नाही.

त्यांची मोजपट्टी एकच. "गोष्ट खोटी चालंल, अक्काताई," ते मला म्हणायचे. "पर गोष्टीतला स्टोव्ह खोटा चालत न्हाय." एवढ्या बाबतीत त्यांना ताठा होता. कुणाचं चुकलं की दुरुस्त केल्याशिवाय हात स्वस्थ बसायचे नाहीत.

त्या ताठ्यानंच घात केला.

शहाण्णव सालच्या गणपतीनंतर एक रहस्यकथा आली. नवरा बायकोला जाळतो, स्टोव्हचा भडका उडाला म्हणून सांगतो आणि सुटतो. त्या काळी असली बातमी आठवड्याला एक तरी आतल्या पानावर असायचीच. विवाहिता स्टोव्हच्या भडक्यानं भाजली. वाचणाऱ्याला काय समजायचं ते समजायचं आणि पान उलटलं जायचं. दादासोंनी पुस्तक वाचलं आणि शेवटच्या पानावर लिहिलं, "लेखकानं स्टोव्ह कधी हातात धरलेला नाही. भडका उडाला तर टाकी गोष्टीतल्यासारखी धड राहत नाही. पोलिसांना पहिल्याच दिवशी कळलं असतं." इथं थांबायला हवं होतं. पण खाली आणखी चार ओळी लिहिल्या, खुन्यानं काय केलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. ते काय, हे मी इथं सांगणार नाही. एकदा लिहिलं गेलं तेच पुष्कळ झालं. मीही ते तेव्हा वाचलं होतं आणि हसले होते, हेही सांगून टाकते.

दिवाळी झाल्यावर दादासो ते पुस्तक कुणाला तरी दाखवायला म्हणून कपाटातून काढत होते. शेवटचं पान उघडलं आणि तसेच उभे राहिले. मी जवळ गेले. वरचा अभिप्राय जागच्या जागी होता. खालच्या चार ओळी नव्हत्या. ब्लेडनं, पट्टी लावून कापाव्यात तशा सरळ कापून नेल्या होत्या.

"कुणी न्हेलंतं?" त्यांनी विचारलं. सभासदाचं नाव दुसऱ्याला सांगायचं नाही, हा माझा सगळ्यात कडक नियम. तो मी त्या दिवशी मोडला. दादासोंच्या नंतर कागदावर एकच क्रमांक होता. दोनशे बारा, कृष्णात. कारखान्यात फिटर. त्याची बायको अक्षता आधी त्याच्याबरोबर यायची, पुस्तकं तीच निवडायची. मुलगी झाल्यापासून ती यायची बंद झाली होती. शेवटची आली तेव्हा मनगटाला फडकं बांधलेलं होतं. मी विचारलं, तर म्हणाली, दार लागलं. नवरा मागं उभा होता.

हे सगळं मी दादासोंना सांगितलं. "मी शिकीवलं त्याला," ते म्हणाले. "बसून, पेन्सिलीला टोक काढून शिकीवलं."

पोलिसांत जावं, तर सांगणार काय? पुस्तकाचं पान कापलंय, माणूस धरा? लोकांनी आम्हालाच वेड्यात काढलं असतं. असा विचार करण्यात चार दिवस गेले. रोज सकाळी पेपर आला की आधी आतलं पान बघायचं आणि मग चहा घ्यायचा, असं माझं चाललं होतं. दादासोंचं त्याहून वाईट. त्यांना चहाही जात नव्हता.

पाचव्या दिवशी कृष्णात स्वतःच त्यांच्या दुकानात आला. हातात स्टोव्ह. फळीवर ठेवला आणि हसत म्हणाला, "पावणं, पुस्तकात लिवणारं तुमीच न्हवं? घरात वाचून दाखीवलंय तुमचं." कृष्णातनं टाकीवर दोनदा टिचकी मारली. "ह्यो भडकंल का, तेवढं बघून सांगा. घाई न्हाय." आणि निघून गेला. त्यानं ते का विचारलं, मला आजही माहीत नाही. काळजीनं विचारलं असेल असं मनाला समजावून बघितलं, पण मन ऐकत नव्हतं.

दादासो तडक माझ्याकडं आले. "स्टोव्ह मी ठेवून घेतो. पार्ट मिळंना म्हणून सांगतो."

"आणि त्यानं दुसरा आणला म्हणजे?" मी म्हटलं. "बाजारात काय एकच स्टोव्ह आहे?"

अक्षताला एकदा डोळ्यांनी बघून यायचं ठरलं. दोन दिवसांनी, कृष्णातची दिवसपाळी असताना, भर दुपारी आम्ही दोघं त्याच्या घरी गेलो. दादासोंच्या हातात तपासलेला स्टोव्ह, माझ्या पिशवीत ते कापलेलं पुस्तक. बहाणा माझा तयार होता : पुस्तक खराब केलंत, त्याचं काय ते बोला. रस्ताभर मला एकच वाटत होतं, घरापुढं गर्दी नसावी.

गर्दी नव्हती. कृष्णातची आई झुंबरबाई सोप्यात बसून सुपात ज्वारी पाखडत होती. "झाला व्हय स्टोव्ह?" तिनं विचारलं. मान काही वर केली नाही.

"झाला. पर पेटवून बघाय लागतंय. आतच बघतो," म्हणत दादासो स्वयंपाकघरात शिरलेसुद्धा. मी पाणी मागायच्या निमित्तानं उंबऱ्याशी उभी राहिले.

अक्षता भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर मुलगी. जिवंत होती, एवढंच मी आधी बघितलं. दादासोंनी स्टोव्ह जमिनीवर ठेवला, पिन घातली, काकडा पेटवला आणि पंप मारायला लागले. पितळी स्टोव्ह पेटला की केवढा आवाज करतो, हे ज्यांनी ऐकलंय त्यांनाच ठाऊक. शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. दादासो पंप मारतच राहिले आणि अक्षता पुढं सरकली. मला तिचे शब्द जेमतेम ऐकू येत होते.

"मामा, ते पान मी कापलंय."

दादासोंनी तिच्याकडं बघितलं.

"खालचं ह्यांनी वाचू ने म्हणून. पुस्तक आधी माज्या हातात येतंय, मग त्यांच्या. कापलं आनि जाळून टाकलं. वरचं तेवढं ह्यास्नी आनि आत्यास्नी, दोघास्नीबी वाचून दाखीवलं. दोनदा." तिनं बाहेरच्या खोलीकडं बघितलं. "परवा आत्या शेजारणीला म्हणत हुत्या, दुसरी सून करायची म्हणून. मामा, ते वरचं तरी खरं हाय न्हवं? पोलिसास्नी पहिल्याच दिवशी कळतंय?"

मला वाटलं दादासो लगेच हो म्हणतील. ते म्हणेनात. मग त्यांनी स्टोव्हची हवा सोडली. आवाज बसला, घर एकदम शांत झालं, आणि बाहेरच्या सुपाची सळसळ ऐकू यायला लागली. त्या शांततेत दादासो मोठ्यानं, जवळजवळ ओरडून बोलले.

"स्टोव्ह बेस्ट हाय. ह्यो भडकायचा न्हाय. भडकला तर मला आदी कळंल. हल्ली असं कुठं झालं की पोलीस मलाच बोलवून न्हेत्यात टाकी बघायला. मी हात लावला की सांगतो, भडका उडालाय का कुणी रॉकेल वतलंय. आतापातूर तिघं आत गेल्यात. एक सासू हाय त्यात."

बाहेरची सळसळ थांबली.

"दर म्हैन्याच्या एक तारखंला येऊन बघून जाईन," दादासो पुढं म्हणाले. "फुकट. आपल्या गिऱ्हाइकाचा स्टोव्ह हाय."

आम्ही बाहेर पडलो तेव्हा झुंबरबाई सूप मांडीवर तसंच धरून बसली होती. पुस्तकाच्या पानाचं मी काढलंच नाही.

कोपऱ्यावर आल्यावर दादासो एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मी म्हटलं, "पोलीस तुम्हाला कधी बोलवतात? मला बोलला नाहीत ते."

"कुणी बोलवत न्हाय," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत एक पोरगी गेली, नव्वद साली. स्टोव्ह मी बघितला. टाकी धड, बर्नर धड. सांगायला गेलतो. अपघात म्हणूनच लिवलं. वरचंबी खोटंच हाय, अक्काताई. मला लिवतानाच म्हाईत हुतं."

जन्मभर दुसऱ्याच्या पुस्तकातलं खोटं पकडणाऱ्या माणसानं एक खोटं रचलं होतं आणि आता त्या खोट्यावर एक पोरगी आणि तिचं लेकरू राहणार होतं. कुठल्याही शहाण्या पोलिसाच्या एका वाक्यानं ते कोसळलं असतं. मला इतकी भीती आयुष्यात वाटली नाही, माझ्या नवऱ्याच्या आजारपणातसुद्धा नाही.

ते सहा वर्षं तिथं जात राहिले. एक तारीख चुकली नाही. एकदा काविळीनं पिवळे पडले होते, तरी रिक्षा करून गेले. जायचे, पिन घालून बघायचे, पंप मारायचे, बाहेरच्याला ऐकू जाईल असं एखादं नवं प्रकरण सांगायचे आणि यायचे. कुठल्या गावात काय झालं, टाकीवर कसला डाग सापडला, सासरा कसा कबूल झाला. सगळं मनातलं. परत येताना वाचनालयात थांबून मला म्हणायचे, "हाय." मी म्हणायचे, "बरं." तेवढ्यावर आमचा महिना निघायचा. रहस्यकथा त्यांनी न्यायच्या बंद केल्या. सभासद कुरकुर करायचे, काकू, त्या सत्तावन्न नंबरला काय झालं, काही लिहीत नाही. मी म्हणायचे, डोळे गेलेत त्यांचे.

दोन हजार दोनच्या ऑगस्टमध्ये दुपारी वाचनालयाचा फोन वाजला. हातकणंगल्याहून अक्षता बोलत होती.

"काकू, मामास्नी सांगा, ह्या एक तारखंला जाऊ नका म्हणावं. मी पोरीला घेऊन आईकडं आलोय. परत जाणार न्हाय. आनि सांगा, पोलीस त्यास्नी बोलवत न्हवतं हे मला पहिल्याच दिवशी कळलंतं. बोलतानं हात थरथरत हुता त्यांचा."

मी फोन ठेवला, वाचनालय उघडंच टाकलं आणि दुकानात गेले. दादासो एका गळक्या टाकीला डाग देत होते. मी निरोप सांगितला. त्यांनी पुन्हा सांगायला लावला. मी पुन्हा सांगितला, शेवटच्या वाक्यासकट. डाग द्यायची कांडी त्यांनी बाजूला ठेवली.

"म्हंजे सहा वरसं तिला म्हाईत हुतं," ते म्हणाले, "की मागं कोणबी न्हाय."

मी हो म्हटलं. मग ते तिथंच, टाक्यांच्या ढिगात तोंड झाकून रडले आणि मी दुकानाच्या दारात आडवी उभी राहिले, गिऱ्हाईक आत येऊ नये म्हणून.