स्टेपनीचीसुद्धा हवा तपासा

तीस वर्षं बस डेपोच्या चौकशी खिडकीत बसून जिनं भोंग्यावरून गाड्या पुकारल्या, ती बाई निवृत्त झाली. तिचा आवाज मात्र निवृत्त झाला नाही. घरात नवऱ्याला "चहा झालाय" म्हणाली, तरी शेजारचेही कप घेऊन उठायचे! सगळे तिला मावशी म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा बेकरीवालासुद्धा.

युद्धातून जीव घेऊन पळालेली माणसं शाळेच्या हॉलमध्ये उतरली, तेव्हा भाचीनं मावशीला मोबाइलवरच्या मदतीच्या ग्रुपमध्ये घातलं. चारशे माणसं, आणि उत्साह तर विचारूच नका. कुणी एकदा 'ब्लँकेटं हवीत' लिहिलं, तर तिसऱ्या दिवशीही ब्लँकेटं येतच होती.

"गाडी सुटली की पुकारा बंद करायचा असतो, एवढंही कुणी शिकवलं नाही का गं यांना?" मावशी म्हणाली.

कुणी कोणत्या बसनं पुढे जायचं, ती यादी भाचीकडे. तिनं ती कॉम्प्युटरवर केली. कॉम्प्युटरनं आडनावं अकारविल्हे लावून निम्मी माणसं आजच्या बसला दिली, निम्मी उद्याच्या. आणि दोन्ही बस दोन वेगळ्या शहरांच्या. आता त्या लोकांत बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते, मूल मात्र बापाचं. झालं! आठ वर्षांची मुलगी आत्याबरोबर तीनच्या बसनं गेली. आईला वाटलं, आपली गाडी मागोमाग निघेल. ती फाटकाशी उभी राहिली, आणि मागे गाडीच नव्हती.

भाचीला रडू फुटलं. "मावशी, माझ्यामुळे पोर हरवली गं!"

"हरवली कशानं? ती बसमध्ये आहे, आणि लांब पल्ल्याची बस माझ्याच डेपोत डिझेलला थांबते. चारला हलेल. त्यानंतर मात्र थेट मुक्कामाला."

तेव्हा सव्वातीन झाले होते. भाचीनं घाईघाईनं 'गाडी हवी' लिहिलं. एका दमात सव्वीस जणांचं 'निघालो' आलं.

"सव्वीस गाड्या या गल्लीत शिरल्या तर एकही बाहेर पडायची नाही," म्हणत मावशीनं मोबाइल ओढून घेतला, बोलून निरोप धाडायचं बटण दाबलं आणि ग्रुपवर आवाज सोडला:

"लक्ष द्या! शाळेच्या फाटकाशी फक्त बेकरीची गाडी लागेल. बाकीच्यांनी घरीच थांबावं. बेकरीवाले, पाव उतरवत बसू नका!"

निम्मं गाव त्या आवाजावर लहानाचं मोठं झालेलं. ग्रुप चिडीचूप. बेकरीवाला चार मिनिटांत हजर, अंगावरच्या पिठासकट. आईला पुढे बसवून तो सुटला.

मग मावशीनं डेपोत फोन लावला. खिडकीत आता तिच्याच हाताखाली तयार झालेली बाई बसायची.

"मावशी, गाडी थांबवता येत नाही. तुम्हीच शिकवलंय."

"थांबवू नकोस. टायरची हवा तपासायला सांग. सगळ्या टायरांची. स्टेपनीचीसुद्धा."

पलीकडून आधी हसू आलं, मग "बरं" आलं.

बेकरीची गाडी डेपोत शिरली तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. थोड्या वेळानं बेकरीवाल्याचा फोन आला, धापा टाकत.

"चढली हो! माझ्या डोळ्यांदेखत चढली."

"आणि पोर?"

"शेजारच्या जागेवर पिशवी टाकून जागा धरली होती पठ्ठीनं. दोघांशी भांडली म्हणे. आईच्या गळ्यात पडून पडून रडली, पण खिडकी काही आईला देईना!"

"मग चांगली आहे पोर," मावशी म्हणाली.

भाचीनं डोळे पुसले आणि उद्याची यादी पुन्हा उघडली. मावशीनं कॉम्प्युटर मिटला.

"हॉलमध्ये जा आधी. कोण कुणाशेजारी बसणार, ते माणसांना विचार."